मोटर सुरू झाली की रोबो रीसेट होतो: बॅटरीपासून बोर्डापर्यंत व्होल्टेज कुठे गळतं?

"रोबो हातात उचलून धरला की सगळं छान चालतं. जमिनीवर ठेवला, दोन्ही मोटर एकदम निघाल्या, की अर्डुइनो रीसेट. लॅपटॉपची यूएसबी जोडून ठेवली तर होत नाही. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट बरोबर दिसतात."

ही तक्रार थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच असते. त्यावर जे केलं जातं तेही तेच असतं: कोड तपासला जातो, बोर्ड बदलला जातो, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली जाते. रोबो दोन दिवस नीट चालतो आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी पुन्हा रीसेट व्हायला लागतो.

दुखणं परत येतं, कारण यातल्या प्रत्येक उपायाने थोडासा फरक खरंच पडतो. फुल चार्ज पॅक अर्धा व्होल्ट जास्त देतो. नवा बोर्ड बसवताना वायर काढून पुन्हा घट्ट बसतात. सर्किट रीसेटच्या रेषेच्या जरा वर येतं आणि आपण समजतो, सुटलं. बॅटरी थोडी उतरली किंवा एखादा जंपर सैल झाला की ते पुन्हा रेषेखाली जातं. म्हणून आधी काही बदलू नका, आधी मोजा.

पुढचं सगळं मी एक ठरावीक जोडणी समोर ठेवून लिहितोय, कारण दहातल्या बहुतेक रोबोंच्या पोटात हीच असते. मालिकेत दोन १८६५० सेल (गोल लिथियम-आयन). त्यावर एलएम२५९६ चं निळं बक कन्व्हर्टर मॉड्यूल (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर), ५ व्होल्टवर लावलेलं. त्यावर अर्डुइनो ऊनो हा कंट्रोलर बोर्ड, दोन-तीन सेन्सर आणि एक-दोन एमजी९९६आर सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर). चाकांच्या पिवळ्या बीओ मोटर एल२९८एन ड्रायव्हरमधून थेट बॅटरीवर. तपकीर गल्लीत जा, लॅमिंग्टन रोडवर जा किंवा ऑनलाइन मागवा, सामान हेच मिळतं. तुमची जोडणी वेगळी असली तरी शोधायची रीत हीच राहते.

मल्टिमीटरला जे दिसत नाही

मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, तोही मधल्या काळाची सरासरी काढून. मोटर सुटताना व्होल्टेजमध्ये येणारा खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात व्होल्टेज ५ वरून २.५ ला जाऊन परत ५ वर आलं, तरी मीटरवर ४.९८ दिसेल. मीटर बरोबरच आहे, फक्त तो या कामाचा नाही.

खड्डा पडतो कसा, तेही पाहू. थांबलेली मोटर म्हणजे निव्वळ तांब्याचं वेटोळं. ती फिरू लागली की उलट व्होल्टेज तयार होतं आणि करंट उतरतो. फिरायच्या आधी मात्र ती स्टॉलइतकाच, म्हणजे पूर्ण अडकलेली असताना घेते तितकाच, करंट खेचते. चाक हवेत असेल तर मोटर लगेच वेग पकडते, म्हणून तो जोर क्षणात संपतो. जमिनीवर रोबोचं वजन ढकलायचं असतं, वेग यायला वेळ लागतो आणि खड्डा रुंद होतो. उचलून धरल्यावर चालणं आणि ठेवल्यावर बंद पडणं, हा फरक इथून येतो. एमजी९९६आर ६ व्होल्टवर अडकला तर सुमारे २.५ अँपिअर घेतो. छोट्याशा बीओ मोटरचा स्टॉल करंटही १ अँपिअरच्या आसपास जातो. दोन सर्व्हो आणि दोन मोटर एकाच क्षणी सुटल्या तर काय मागणी होते याची बेरीज एकदा कागदावर करून बघाच.

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. बाजारात डीएसओ१३८ नावाचं स्वस्त किट मिळतं, तेसुद्धा या कामाला पुरतं. तेही नसेल तर दुसरा अर्डुइनो घ्या. तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, म्हणजे ग्राउंडचा नवा घोळ होणार नाही. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत लावून मधल्या बिंदूवरून ए० पिनला जोडा, म्हणजे मोजायच्या व्होल्टेजच्या निम्मं पिनवर येईल. तीन सेलच्या पॅकसाठी वरचा रेझिस्टर २२ किलोओहमचा घ्या, नाहीतर पिनवर ५ व्होल्टच्या वर जाईल. लूपमध्ये एकच काम द्या: पिन वाचायची, आतापर्यंतचा सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवायचा आणि दर सेकंदाला तो छापायचा. एका वाचनाला साधारण ११० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ९,००० च्या आसपास नोंदी होतात. काही मिलिसेकंदांचा खड्डा यातून सुटत नाही. सुरुवातीला रोबो शांत उभा असताना हा आकडा मल्टिमीटरशी जुळवून घ्या, कारण यूएसबीचे ५ व्होल्ट नेमके ५ नसतात.

आता तीन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टोकांवर, बक कन्व्हर्टरच्या आउटपुटला, आणि ऊनोच्या ५ व्होल्टच्या पिनवर. प्रत्येक ठिकाणी ग्राउंडची वायरही त्याच जागेवरून घ्या. ग्राउंड बॅटरीवर आणि सिग्नल बोर्डावर असं मोजलं तर आकडा भलतंच सांगतो. मोटर सुरू करा, सर्व्हो हलवा, चाक हाताने अडवून बघा आणि तिन्ही ठिकाणचे किमान आकडे लिहून ठेवा.

या आकड्यांचा अर्थ लावायला दोन-तीन रेषा माहीत हव्यात. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचं ब्राउनआउट (व्होल्टेज कमी पडलं की चिप ज्या रेषेवर स्वतः रीसेट होते ती) २.७ व्होल्टवर लावलेलं असतं. म्हणजे ऊनो खरोखर रीसेट होत असेल तर ५ व्होल्टची लाइन जवळपास निम्म्यावर येते आहे, हा छोटा खड्डा नाही. १६ मेगाहर्ट्झवर ही चिप भरवशाने चालायला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. २.७ आणि ३.८ च्या मधला पट्टा जास्त त्रासाचा, कारण तिथे बोर्ड रीसेट न होता हँग होतो किंवा विचित्र वागतो आणि आपण कोडला दोष देत बसतो. ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउट झाल्याचं सरळ छापतो, ते वाचा. रास्पबेरी पाय ४ ला तर ४.६३ व्होल्टच्या खाली गेलेलंही चालत नाही. स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं ते त्याच वेळी.

बॅटरीच्याच टोकाला खड्डा असेल तर

इथे रेग्युलेटर बदलून काही होणार नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेल्या सेलचा अंतर्गत रोध १०० मिलिओहमच्या वर सहज असतो. दोन सेल, त्यात काळ्या प्लास्टिकच्या होल्डरच्या स्प्रिंग, त्यात बारका स्विच. सगळं मिळून ०.४ ओहम झाला तरी ४ अँपिअरला १.६ व्होल्ट वाटेतच जातात. स्प्रिंगवर बोट ठेवून बघा. गरम लागली तर एक गळती सापडली. तारेच्या स्प्रिंगला समांतर जाड वायर सोल्डर करता येते. शक्य असेल तर निकेल पट्टीने स्पॉट वेल्ड केलेला पॅकच घ्या. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेने सेल आतून खराब होतो.

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मोटर किंवा सर्व्हो चालवायचा प्रयत्न असेल तर तो इथेच सोडून द्या. तिचा अंतर्गत रोधच ओहमच्या घरात असतो.

बक कन्व्हर्टरची एक सवय इथे फार महत्त्वाची आहे. तो आउटपुटला ठरलेली पॉवर द्यायचा प्रयत्न करतो, म्हणून इनपुट व्होल्टेज उतरलं की तो जास्त करंट ओढतो. सर्व्होला ५ व्होल्टवर २.५ अँपिअर, म्हणजे १२.५ वॉट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत १५.६ वॉट जायला हवेत. बॅटरी ८ व्होल्टवर असेल तर १.९५ अँपिअर, ६.५ वर आली तर २.४ अँपिअर. बॅटरी बसते, म्हणून करंट वाढतो, म्हणून ती आणखी बसते. उतरलेल्या पॅकवर रोबो हळू न होता एकदम कोसळतो, त्याचं कारण हे.

सगळं बंद पडलं आणि मोटर थांबल्यावरही परत सुरू होत नसेल, चार्जर लावल्यावर किंवा पॅक काढून जोडल्यावरच जिवंत होत असेल, तर तो रीसेट नाही. पॅकमधल्या बीएमएस ने (सेलचं संरक्षण करणारं सर्किट) जादा करंट बघून पुरवठा तोडला आहे. जास्त अँपिअरचा बीएमएस घ्या.

बॅटरी ठीक, पण रेग्युलेटरच्या आउटपुटला खड्डा

माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत आणि त्याचं मूळ एका आकड्यात आहे: मॉड्यूलच्या जाहिरातीतले ३ अँपिअर.

एलएम२५९६ ही मूळ नॅशनल सेमीकंडक्टरची चिप. ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. चिप ३ अँपिअरची आहे हे खरं. पण तिच्याच डेटाशीटमध्ये १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ३ अँपिअरला कार्यक्षमता ८० टक्के दिली आहे. म्हणजे १५ वॉट बाहेर देताना पावणेचार वॉट उष्णता होते, त्यातली बरीचशी त्या एका चिपमध्ये. अंगठ्याएवढ्या पातळ बोर्डाला ती बाहेर टाकता येत नाही. हीटसिंक नसेल तर हे मॉड्यूल सलग दीड अँपिअरचं समजा, २ अँपिअर म्हणजे अगदी काठावर. ओळखायची खूण सोपी आहे: रोबो पाच-दहा मिनिटं व्यवस्थित चालतो, मग आउटपुट जातं, जरा वेळाने आपोआप परत येतं. चिप तापून स्वतःला बंद करते आणि थंड झाली की सुरू होते. पंख्याचा वारा घातल्यावर रोबो जास्त वेळ चालला, तर निदान पक्कं.

दुसरी गोष्ट ड्रॉपआउटची, म्हणजे आउटपुटपेक्षा इनपुट किमान किती जास्त हवं याची. दोन सेलच्या पॅकवर हीच बहुतेक वेळा खरी गुन्हेगार निघते. एलएम२५९६ मधला स्विच जुन्या पद्धतीचा, बायपोलर ट्रान्झिस्टरचा आहे. ३ अँपिअरला त्याच्यावरच १.१६ व्होल्टच्या आसपास पडतात, शिवाय कॉइलच्या तारेत थोडे. आउटपुटला ५ हवे असतील तर इनपुट कायम साडेसहाच्या वर हवं. दोन सेलचा पॅक भरलेला असताना ८.४ व्होल्ट असतो, नंतर ७.४ च्या आसपास रेंगाळतो, शेवटी ६ ला येतो. त्यात मोटरच्या झटक्याने आणखी एक व्होल्ट गेला की रेग्युलेटरकडे ५ करायला काही उरतच नाही. मॉड्यूल चांगलं, सेल चांगले, तरी पॅक अर्ध्यावर आल्यावर रीसेट सुरू होत असेल तर कारण हे धरा.

यावर दोन वाटा. मला आवडणारी वाट म्हणजे तीन सेल मालिकेत लावणं. ९ ते १२.६ व्होल्ट मिळतात आणि ड्रॉपआउटचा प्रश्न संपतो. मात्र मग ६ व्होल्टच्या बीओ मोटरना पूर्ण पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून वेग ठरवणारा सिग्नल) देऊ नका. दुसरी वाट, दोन सेलच ठेवून मॉसफेट स्विच असलेला रेग्युलेटर घेणं. एमपी१५८४ च्या आत १५० मिलिओहमचा मॉसफेट आहे, २ अँपिअरला त्यावर फक्त ०.३ व्होल्ट पडतात. त्याचं मॉड्यूल नखाएवढं असल्याने तेही तापतं, म्हणून दीड अँपिअरच्या पुढे सलग वापरू नका. "५ अँपिअरचं आहे" म्हणून दोन सेलवर एक्सएल४०१५ लावणारे बरेच आहेत. त्याची इनपुट मर्यादा ८ व्होल्टपासून सुरू होते. दोन सेलचा पॅक थोडासा उतरला की तो मर्यादेखाली जातो. तीन किंवा चार सेलला तो चांगला आहे.

तिसरी गोष्ट नकली चिप. खरा एलएम२५९६ १५० किलोहर्ट्झवर स्विच करतो. स्वस्त मॉड्यूलवर तेच नाव छापलेल्या, पण ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या चिप भरपूर आहेत. मॉड्यूलवरची कॉइल साधारण ३३ मायक्रोहेन्रीची असते. १२ वरून ५ व्होल्ट करताना १५० किलोहर्ट्झला त्या कॉइलमधला करंट सुमारे ०.६ अँपिअरने वरखाली होतो, ५० किलोहर्ट्झला तोच १.८ अँपिअरने. म्हणजे सरासरी २ अँपिअर देताना खऱ्या चिपमध्ये शिखर २.३ अँपिअरचं, नकलीत २.९ चं. कॉइल संपृक्त व्हायला लागते (तिची चुंबकीय क्षमता संपते), करंट लिमिट लवकर लागतं, आउटपुटवर रिपल (बारीक चढउतार) वाढतो. स्कोप असेल तर चिपच्या आउटपुट पायावर वारंवारता बघा, एका मिनिटात कळतं. स्कोप नसेल तर एवढंच धरून चाला की या किमतीच्या मॉड्यूलवर लिहिलेला आकडा निम्मा करून वापरायचा.

काही जण दोन एलएम२५९६ चे आउटपुट एकत्र जोडून ६ अँपिअर मिळवायला जातात. तसं होत नाही. दोघांपैकी ज्याचं व्होल्टेज काही मिलिव्होल्टने जास्त, तो जवळपास सगळा भार उचलतो, तापतो, बंद पडतो, मग दुसऱ्यावर तेवढाच भार येतो. दोन मॉड्यूल आहेत तर भार वाटून द्या, एकावर एक सर्व्हो, दुसऱ्यावर दुसरा, आणि फक्त ग्राउंड एकत्र.

दोन्हीकडे ठीक, पण बोर्डापाशी खड्डा

रेग्युलेटरच्या स्क्रूपाशी ४.९ आणि ऊनोच्या पिनवर ३.४ असे आकडे आले, तर बाकी सगळं विसरा आणि वायरकडे बघा. २० सेंटिमीटरचा बारीक जंपर २८ गेजचा (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) धरला तरी जाऊन-येऊन ८५ मिलिओहम होतात. अडीच अँपिअरला २०० मिलिव्होल्टहून जास्त गेले. वर क्रिंप, ब्रेडबोर्डच्या पट्ट्या, सैल पिना, प्रत्येकाचा आपला वाटा. शिवाय बरेच स्वस्त जंपर तांब्याचे नसतात, वरून तांब्याचा मुलामा दिलेले असतात. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरचा हिशोब कित्येक पटींनी बिघडला. सर्व्होचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊच नका. रेग्युलेटरपासून सर्व्होपर्यंत २० किंवा २२ गेजची वायर, सोल्डर करून किंवा स्क्रू टर्मिनलमध्ये.

वायर जाड केल्यावरही एक चूक उरते: सर्व्हो आणि अर्डुइनो एकाच वायरवर पुढे-मागे टांगलेले असणं. चाळीत खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरच्या मजल्याची धार बारीक होते, तसं सर्व्होने ओढलं की पुढच्या अर्डुइनोला कमी मिळतं. रेग्युलेटरच्या आउटपुटपासूनच दोन स्वतंत्र जोड्या काढा, एक सर्व्होला, एक अर्डुइनोला. ग्राउंडच्या वायरीही त्याच बिंदूवर एकत्र आणा. चाकांच्या मोटरचा परतीचा करंट अर्डुइनोच्या ग्राउंडमधून जात असेल तर बोर्ड रीसेट झाला नाही तरी सेन्सरचे आकडे नाचतात, कारण सेन्सरचं शून्यच हलत असतं. लाइन फॉलोअर सरळ रेषेत नीट आणि वळणावर वेडावाकडा जात असेल, तर पीआयडीचे (कोडमधल्या वळण-नियंत्रणाचे) आकडे बदलण्याआधी ग्राउंड तपासा.

याच गटात बसणारी एक जोडणीची चूक आहे. बक कन्व्हर्टरचे ५ व्होल्ट ऊनोच्या व्हीइन पिनला किंवा गोल जॅकला दिले जातात. तिथे बोर्डावरचा लिनिअर रेग्युलेटर मध्ये येतो, त्याला ५ व्होल्ट बनवायला ७ व्होल्ट लागतात. ५ दिले तर पुढे ४ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी मिळतात आणि ऊनो उपाशीपोटी चालत राहतो. बाहेरून नियंत्रित ५ व्होल्ट असतील तर ते ५ व्होल्टच्या पिनलाच द्या. पण त्या पिनवर कसलंही संरक्षण नाही, ५.५ च्या वर गेलं तर चिप जाऊ शकते. आणि त्या पिनला बाहेरचा पुरवठा जोडलेला असताना यूएसबी लावू नका, लॅपटॉपचा पोर्ट सर्व्होचा भार उचलू लागेल. कोड टाकताना बाहेरचे ५ व्होल्ट काढून ठेवा.

उलट टोकाची चूकही दिसते: एल२९८एन च्या बोर्डावरचे ५ व्होल्ट घेऊन त्यावर अर्डुइनो आणि सर्व्हो दोन्ही चालवणं. तिथे ७८एम०५ हा रेग्युलेटर बसवलेला असतो, तो अर्ध्या अँपिअरचा. अर्डुइनो एकट्याला ठीक, सर्व्होला अजिबात नाही.

"१००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव"

हा सल्ला सगळे देतात आणि तो चुकीचा नाही, पण त्याची मर्यादा कोणी सांगत नाही. हिशोब करू. सर्व्हो २ अँपिअर ओढतोय आणि आपल्याला व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही. १००० मायक्रोफॅरड हा भार किती वेळ एकटा सांभाळेल? २५० मायक्रोसेकंद. १० मिलिसेकंद सांभाळायचे असतील तर ४०,००० मायक्रोफॅरड लागतील. म्हणजे कपॅसिटर फक्त भार आल्यापासून रेग्युलेटर सावरेपर्यंतचा काळ भरून काढतो. रेग्युलेटरचीच ताकद कमी असेल, बॅटरी बसत असेल, वायर बारीक असेल, तर कपॅसिटरने काहीच सुटत नाही.

तरी तो लावा, योग्य जागी. सर्व्होच्या कनेक्टरपाशी ४७० ते १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा). अर्डुइनोच्या ५ व्होल्टपाशी वेगळा १०० मायक्रोफॅरड. मोटरच्या दोन टोकांवर १०४ छापलेला (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक, थेट मोटरच्या पत्र्यांवर सोल्डर केलेला. हा शेवटचा ब्रशच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट (नॉइज) दाबतो, रीसेटच्या खड्ड्याशी त्याचा संबंध नाही.

एक उपाय कोडमध्येही आहे आणि तो फुकट आहे. बोर्ड चालू होताच सगळे सर्व्हो एकदम आपल्या जागेकडे झेप घेतात. खड्डा पडतो, बोर्ड रीसेट होतो, पुन्हा सुरू होताच पुन्हा झेप. सर्व्हो नुसते थरथरत राहतात आणि रोबो पुढे सरकत नाही, ते या चक्रामुळे. सुरुवातीच्या भागात सर्व्हो एकेक करून जोडा, मध्ये ३०० मिलिसेकंद थांबा. चाकांना पीडब्ल्यूएम शून्यावरून थेट २५५ न देता शे-दीडशे मिलिसेकंदात चढवत न्या. खड्ड्याची खोली यानेच बरीच कमी होते.

अर्डुइनो आणि सर्व्हो वेगळे करा

मी स्वतः आता एका रेग्युलेटरवर दोन्ही चालवतच नाही. बॅटरीवरून दोन बक: सर्व्होसाठी मोठा, ६ व्होल्टवर लावलेला (दोन सेलवर सर्व्होही ५ वरच ठेवावे लागतात), आणि अर्डुइनो-सेन्सरसाठी छोटा एमपी१५८४, ५ व्होल्टवर. ग्राउंड एका ठिकाणी. अर्डुइनोच्या बकच्या आधी एक शॉटकी डायोड, एसएस३४ किंवा १एन५८२२, आणि डायोडनंतर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. बॅटरी क्षणभर बसली तर तो कपॅसिटर फक्त अर्डुइनोला पुरवतो. डायोडमुळे मोटर त्यातला चार्ज पळवू शकत नाही. अर्डुइनोची बाजू शंभर-दीडशे मिलिअँपिअरच घेत असल्याने इथे कपॅसिटरचा हिशोब आपल्या बाजूने असतो. यात आलेला खर्च एका नव्या ऊनोपेक्षा कितीतरी कमी आहे.

ईएसपी३२ वाल्यांनी एक लक्षात घ्यावं. वायफाय सुरू होताना तो २०० मिलिअँपिअरच्या वरचे झटके घेतो, आणि बोर्डावरच्या एएमएस१११७ ला ३.३ देण्यासाठी साडेचारच्या आसपास तरी हवेत. म्हणून ऊनोला सहज पचलेला खड्डा ईएसपी३२ ला पचत नाही. त्याला एका लिथियम सेलवरून याच रेग्युलेटरने चालवायचा हट्ट धरू नका. ३.७ मधून ३.३ काढायला एएमएस१११७ जवळ जागाच नाही.

व्होल्टेज वर जातं तेव्हा

आतापर्यंत खाली जाण्याबद्दल झालं. वर जाणं कमी वेळा घडतं, पण त्यात बोर्ड मरतो.

निळ्या मॉड्यूलवरचा पितळी स्क्रूचा पॉट (व्होल्टेज लावायचा फिरता रेझिस्टर) आउटपुट आणि फीडबॅकच्या (चिप आउटपुट तपासते त्या पिनच्या) मध्ये बसलेला असतो, फीडबॅकपासून ग्राउंडला ३३० ओहमचा रेझिस्टर. पॉटच्या आतला संपर्क धक्क्याने सुटला तर चिपला वाटतं आउटपुट कमी आहे, आणि ती पूर्ण उघडते. ५ व्होल्टच्या लाइनवर बॅटरीचं व्होल्टेज येतं. चालणाऱ्या, आपटणाऱ्या रोबोत हे अगदी शक्य आहे. पॉटवर नेलपॉलिशचा थेंब टाकल्याने स्क्रू फिरत नाही, आतला संपर्क मात्र सुधारत नाही. पक्का उपाय म्हणजे पॉट काढून त्या जागी १ किलोओहमचा एक टक्केवाला रेझिस्टर लावणं. फीडबॅक १.२३ व्होल्टचा, त्यामुळे आउटपुट ४.९६ येतं. नंतर ते कोणी चुकून फिरवूही शकत नाही.

नव्या मॉड्यूलचं व्होल्टेज बोर्ड जोडण्याआधी लावायचं, हे वेगळं सांगायला नको. पॉट बऱ्याच फेऱ्यांचा असतो. सुरुवातीला दहा-बारा फेऱ्या फिरवूनही काहीच हलत नाही, म्हणून मॉड्यूल खराब समजून टाकू नका. फिरवत राहा.

आणि बॅटरी जोडताना होणारी ठिणगी. लांब वायर आणि मॉड्यूलच्या इनपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर असेल, तर जोडण्याच्या क्षणी तिथे बॅटरीच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज उसळू शकतं. तीन सेलला २५, चार सेलला ३३ च्या वर. एमपी१५८४ ची मर्यादा २८ व्होल्टची. चार सेलवर तो "जोडला आणि धूर आला" असं झालं तर हेच झालेलं असतं, उलटी जोडणी झालेली नसतानाही. पोलोलू ही कंपनी आपल्या बऱ्याच रेग्युलेटरांसोबत २० व्होल्टच्या वर किंवा लांब वायरवर ३३ मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा, ५० व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक इनपुटपाशी लावायला सांगते, ते याचसाठी. साधा इलेक्ट्रोलायटिकच घ्या, त्याचा अंतर्गत रोधच ती उसळी शमवतो. तिथे आणखी एक सिरॅमिक वाढवून उपयोग नाही. बॅटरीच्या वायर एकमेकींना पीळ घालून आणि होतील तितक्या आखूड ठेवा.